प्रिंट स्पूलर

प्रिंट स्पूलर : छापायला दिलेला मजकूर प्रिंटरकडे जाण्याआधी हार्ड डिस्कवर साठवून त्याची रांग लावणारी आणि प्रिंटर मोकळा होईल तसे एकेक काम त्याला पुरवणारी प्रणाली. संगणकाच्या मानाने प्रिंटर फार संथ असतो. मधे ही रांग नसेल, तर शेवटचे पान बाहेर पडेपर्यंत मजकूर पाठवणारा प्रोग्रॅम अडकून राहतो. ‘प्रिंटर बिघडला’ अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी प्रत्यक्षात या रांगेच्या असतात. म्हणून टोनर किंवा केबल बदलण्याआधी रांग तपासावी.

१९६०च्या दशकात मोठ्या संगणकांवर ही पद्धत रुळली. ह्यूस्टनमधील नासाच्या केंद्रासाठी आयबीएमच्या यंत्रांवर तयार झालेली ‘हास्प’ ही त्यातली गाजलेली प्रणाली. वैयक्तिक संगणकावर १९८३च्या एमएस-डॉस २.० मध्ये ‘प्रिंट’ ही आज्ञा आली आणि फाइल मागे छापत ठेवून पुढचे काम करता येऊ लागले. आज विंडोजमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, हे काम करते. लिनक्स आणि मॅकवर ते ‘कप्स’ या छपाई प्रणालीकडे असते.

काम कसे चालते

विंडोजमध्ये प्रत्येक कामाच्या सहसा दोन फाइली तयार होतात. एसपीएल फाइलमध्ये छापायचा मजकूर असतो. एसएचडी फाइलमध्ये कोणी, कोणत्या प्रिंटरवर, किती प्रती मागितल्या याची माहिती असते. दोन्ही सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स अशा क्रमाने उघडणाऱ्या फोल्डरमध्ये राहतात. एसपीएलमधला मजकूर दोन रूपांत असू शकतो : ‘ईएमएफ’, म्हणजे पान कसे काढायचे याच्या सूचना, किंवा ‘रॉ’, म्हणजे थेट त्या प्रिंटरच्या भाषेतला मजकूर. ईएमएफ फाइल बहुधा लहान असते आणि प्रोग्रॅमला लवकर मोकळे करते. सूचनांचे ठिपक्यांत रूपांतर मागाहून होते.

फाइल किती फुगते, हे गणिताने कळते. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, ए-फोर पानात ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके येतात. कृष्णधवल पान, एका ठिपक्याला एक बिट धरून, न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवले तर सुमारे ४.३५ एमबी होते, तेच २४ बिटांच्या रंगीत चित्राच्या रूपात १०४ एमबीच्या आसपास जाते. प्रत्यक्षात ड्रायव्हर, म्हणजे मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, तो दाबून लहान करतो. तरीही चित्रांनी भरलेली शंभर पानांची पीडीएफ रांगेत आली आणि सी ड्राइव्हवर जेमतेम एक-दोन जीबी मोकळे असले, की काम मधेच थांबते.

पुण्यातील वापर

अप्पा बळवंत चौक, सदाशिव पेठ, नारायण पेठ इथली डीटीपी आणि झेरॉक्सची दुकाने, तसेच कॉलेजांच्या आसपासची प्रिंटआउट केंद्रे यांचा दिवस या रांगेवरच चालतो. सबमिशनच्या दिवसांत एकाच संगणकावरून कोणाचे शंभर पानांचे ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) जाते, कोणाचे एक पानी हॉल तिकीट. अशा ठिकाणी विंडोजच्या प्रिंटर यादीत एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी कराव्यात. दोघींचा पोर्ट, म्हणजे प्रिंटरला जोडणारा मार्ग, तोच ठेवावा, पण प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमधील ‘प्रायॉरिटी’ एकीला १ आणि दुसरीला ९९ द्यावी. १ सर्वांत खालची, ९९ सर्वांत वरची. मोठी कामे पहिल्या नोंदीवर, किरकोळ दुसऱ्या नोंदीवर पाठवावीत. मात्र सुरू झालेले काम प्रायॉरिटीमुळे थांबत नाही. म्हणून ब्लॅक बुक वीस-वीस पानांच्या तुकड्यांत पाठवावे, म्हणजे दोन तुकड्यांच्या मधे हॉल तिकिटाचा नंबर लागतो.

मराठी मजकुराचा एक वेगळा प्रश्न आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. ड्रायव्हरने तो फॉन्ट न पाठवता प्रिंटरमधला स्वतःचा फॉन्ट लावला, तर पडद्यावर स्वच्छ दिसणारी लग्नपत्रिका कागदावर निरर्थक रोमन अक्षरांत उतरते. यावर चांगला उपाय म्हणजे फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच घालून, पीडीएफ बनवणे आणि तीच छापणे. ते जमत नसेल तर ड्रायव्हरमध्ये ट्रू-टाइप फॉन्ट ग्राफिक्स म्हणून पाठवण्याचा पर्याय निवडावा किंवा पीडीएफ छापताना ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करावी. अक्षर हमखास बरोबर येते, पण स्पूल फाइल कितीतरी मोठी होते. म्हणून हा पर्याय कायम चालू ठेवू नये.

मांडणी

नेटवर्कवरच्या प्रिंटरला आधी राउटरमध्ये ठरावीक आयपी पत्ता राखून द्यावा. नंतर प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घेऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ बनवावा. बहुतेक प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर रॉ मजकूर घेतात. विंडोज प्रिंटर स्वतः शोधून आपोआप ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट बनवते, तो सोयीचा वाटला तरी दुकानात त्यावर विसंबू नये. प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस’वरची खूण काढावी. स्थिती विचारणाऱ्या निरोपाला प्रिंटरने उत्तर दिले नाही, की विंडोज त्याला बंद समजते.

यूएसबी केबल नेहमी त्याच खाचेत लावावी. खाच बदलली की बऱ्याचदा ‘कॉपी १’ अशी नवी नोंद तयार होते आणि जुन्या नोंदीवर पाठवलेली कामे तिथेच पडून राहतात.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये लगेच छपाई सुरू करायची की शेवटचे पान स्पूल झाल्यावर, असे दोन पर्याय असतात. संगणक मंद असेल किंवा पाने जड असतील, तर दुसरा निवडावा. नाहीतर पुढचे पान तयार होईपर्यंत प्रिंटर अर्ध्या कामात ताटकळतो आणि कधीकधी वेळ संपल्याचे समजून ते सोडून देतो. सी ड्राइव्ह भरत असेल तर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधून स्पूल फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावे, पण रांग रिकामी असतानाच.

अडकलेली रांग

रांगेतले काम ‘डिलिटिंग’ दाखवत तसेच राहिले, तर प्रिंटर बंद करावा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेट स्टॉप स्पूलर’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. मग वर सांगितलेल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइली पुसाव्यात. फोल्डर पुसू नये, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला हात लावू नये. शेवटी ‘नेट स्टार्ट स्पूलर’ देऊन प्रिंटर चालू करावा. यात रांगेतली सगळ्यांचीच कामे जातात, तेव्हा गिऱ्हाइकांच्या फाइली आधी बाजूला ठेवाव्यात. सर्व्हिस सुरू होऊन पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा असतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून वापरात नसलेले जुने ड्रायव्हर पॅकेजसह काढून टाकावेत.

लिनक्सवर ‘एलपीस्टॅट -ओ’ने रांग दिसते आणि ‘कॅन्सल -ए’ने रिकामी होते. चुकीनंतर कप्सने प्रिंटरच थांबवून ठेवला असेल, तर ‘कप्सएनेबल’ द्यावे लागते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’च्या ६३१ पोर्टवर हेच सारे माउसने करता येते.

वीज गेल्यावर होणारा घोटाळा नीट समजून घ्यावा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, पावसाळ्यात ती अवचितही जाते. लेझर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, तापताना शेकडो वॉट खेचतो, म्हणून तो संगणकाच्या लहान यूपीएसवर लावत नाहीत. परिणामी संगणक चालू राहतो आणि प्रिंटर अर्ध्या पानावर बंद पडतो. वीज आली की स्पूलर उरलेला मजकूर पुढे ढकलू शकतो. पण कामाच्या सुरुवातीला ‘हा मजकूर या भाषेतला आहे’ असे सांगणारा भाग प्रिंटर विसरलेला असतो. मग तो उरलेले सारे साधी अक्षरे समजून छापतो आणि एकेका ओळीत चिन्हांचा कचरा असलेली पानांमागून पाने बाहेर येतात. ट्रेमधला कागद काढला, की हे तात्पुरते थांबते. म्हणून प्रिंटर चालू करण्याआधी रांग ‘पॉज’ करावी, ते काम रद्द करावे आणि हातात आलेली पाने मोजून पुढच्या पानापासून नवे काम द्यावे. रांगेच्या खिडकीतला पानांचा आकडा यासाठी धरू नये. तो पाठवलेल्या पानांचा असतो, छापलेल्या नव्हे.

सुरक्षितता

स्पूलर वरच्या अधिकारांनी चालतो, त्यामुळे त्यातली फट महागात पडते. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-किड्याने (वर्मने) पसरण्यासाठी स्पूलरमधील त्रुटीही वापरली होती. २०२१च्या स्पूलरमधल्याच ‘प्रिंटनाइटमेअर’ त्रुटीनंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार, वेगळी मांडणी केली नसेल तर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरपुरता ठेवला. शेअर केलेला प्रिंटर दुसऱ्या संगणकावर जोडताना पासवर्ड विचारला जातो, तो त्यामुळेच. ज्या संगणकावरून काहीच छापायचे नाही, तिथे ही सर्व्हिस बंद ठेवावी.

‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ ही खूण सार्वजनिक ठिकाणी कधीही ठेवू नये. तिच्यामुळे डिस्क भरते, आणि लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, बँकेची कागदपत्रे छापून झाल्यावरही दुकानाच्या संगणकावर पडून राहतात. एसपीएल फाइलीतून पान पुन्हा उभे करणारी साधने सहज मिळतात.