प्रोब हातात आला, हात बसला का?

सोनोग्राफी ही डोळ्यांची जितकी, तितकीच हाताची विद्या. अंगावर फिरवायचा प्रोब जरा तिरका झाला की पडद्यावरची किडनी दिसेनाशी होते. त्यामुळे विद्यार्थ्याला किती तास शिकवले, यापेक्षा त्याचा हात बसला का, हा प्रश्न महत्त्वाचा. तो नीट विचारायला वैद्यकीय शिक्षणाने फार उशीर केला, असे मला वाटते.

१९५५ मध्ये ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलर कारखान्यात गेले. धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर त्यांनी त्या तपासल्या. १९५८ मध्ये जॉन मॅकविकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे बराच काळ ही तपासणी तज्ज्ञांच्या खोलीतच राहिली. मशीन आटोपशीर झाले, १९९०च्या दशकात अपघातग्रस्ताच्या पोटातला रक्तस्राव खाटेपाशीच पाहणारी ‘फास्ट’ तपासणी रुळली, तेव्हा कुठे प्रोब इतर डॉक्टरांच्या हाती आला. त्याच दशकात जर्मनीत हानोव्हरला शरीररचनाशास्त्राच्या तासाला सोनोग्राफी आली. २००६ पासून अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाने ती चारही वर्षांच्या अभ्यासक्रमात गुंफली.

या शिकवण्याचे सुरुवातीचे मूल्यमापन बरेचसे अभिप्रायाच्या फॉर्मवर चाले. तास आवडला का, आत्मविश्वास वाढला का? उत्तरे बहुधा ‘हो’च येत. पण आत्मविश्वास वाढला म्हणजे पोटातले रक्त साठते ती यकृत आणि किडनीमधली फट सापडतेच असे नाही. ते तपासायची पद्धत खरे तर हाताशी होती: रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेली, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ऑस्की’ परीक्षा. ठरलेला वेळ, ठरलेले काम, समोर परीक्षक. सोनोग्राफीसाठी खास मोजपट्टी मात्र बरीच नंतर आली. डेन्मार्कच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओसाउस’मध्ये यंत्राची जाण, प्रतिमा सुधारणे, क्रमवार तपासणी, अर्थ लावणे, नोंद आणि त्यावरून घेतलेला निर्णय यांना वेगवेगळे गुण आहेत.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. नोंदणी नसलेल्या जागी मशीन वापरता येत नाही. ही बंधने मुलींच्या जिवासाठी आहेत, ती हवीतच. पण त्यामुळे परदेशातल्यासारखे शरीररचनेच्या वर्गात सहज मशीन आणून ठेवता येत नाही, आणि अशा शिकवण्याबद्दलचे तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू करणे अवघड होते. शिवाय अनेक अभ्यासांत परीक्षा प्रशिक्षण संपल्यावर लगेच होते. सहा महिन्यांनी, इंटर्नशिपच्या रात्रपाळीत, तोच हात तीच फट शोधू शकतो का, हे त्यातून कळत नाही.