कथारंभ

कथा किंवा कादंबरी ज्या ठिकाणापासून सांगायला घेतली जाते, तो तिचा कथारंभ. घटना घडण्याचा क्रम वेगळा असतो आणि त्या सांगण्याचा वेगळा. कार्यकारणाच्या धाग्याने घटनांची केलेली गुंफण म्हणजे कथानक, आणि त्या गुंफणीत वाचकाला कुठून आत घ्यायचे याचा निर्णय कथारंभात होतो. म्हणून चटकदार पहिले वाक्य म्हणजे चांगला आरंभ नव्हे. वाक्य मागाहूनही सुचते. जागा चुकली तर पुढची वीस पाने खुलासे करण्यात जातात.

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेला कथारंभ म्हणजे ‘आटपाट नगर होतं’. श्रावणातल्या कितीतरी कहाण्या याच शब्दांनी सुरू होतात. नगराचे नाव, काळ, राजाचे घराणे यांवर कहाणी एक शब्दही खर्च करत नाही. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पाहावी. नगर होते, तिथे राजा होता, तो शिवभक्त होता आणि महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे त्याच्या मनात आले. एवढ्यात स्थळ, माणूस आणि त्याची इच्छा तिन्ही हाती येतात. लगेच हुकूम सुटतो. घरोघरचे दूध देवळात जाते, वासरांना आणि पोरांना काही उरत नाही, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचे सगळे आटोपून, मुलांना आणि वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरून जातो. कहाणी इथे कारण सांगत नाही. दुसऱ्या सोमवारी राजा पहारा बसवतो, पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः जाऊन बसतो, म्हातारीचा हात धरतो आणि तिच्या तोंडून खरे काय ते कळते. वासरे तळमळल्याचे ऐकणाऱ्याने आधीच ऐकलेले असते. पण उत्तर तेच होते, हे त्याला आत्ता उमगते. शेवटाची किल्ली आरंभातच, राजाच्या हुकुमात ठेवलेली असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात याला ‘बीज’ म्हटले आहे: सुरुवातीला थोडेसेच टाकलेले, मग अनेक अंगांनी पसरत जाऊन फळाला येणारे. कथावस्तूच्या पाच संधींपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, पहिल्या, मुखसंधीत, ते पेरले जाते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात आरंभाची व्याख्या काहीशी रुक्ष, पण उपयोगी केली: ज्याच्या आधी काही असलेच पाहिजे असे नाही, पण ज्याच्यानंतर काहीतरी घडणे स्वाभाविक आहे, तो आरंभ. रोमन कवी होरेसने ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याचा कवी होमर याची वाहवा केली ती नेमक्या याच बाबतीत. ट्रॉयचे युद्ध जिच्यासाठी झाले ती हेलन पुराणकथेप्रमाणे अंड्यातून जन्मली; होमर युद्धाची गोष्ट त्या अंड्यापासून सांगत बसत नाही, सरळ घडामोडींच्या मध्यात नेतो. ‘इलियड’ उघडते तेव्हा युद्धाचे दहावे वर्ष चालू असते आणि ग्रीक वीर अकिलीसचा राग भडकलेला असतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कथानकाचे दिलेले उदाहरण आता पाठ्यपुस्तकी झाले आहे: राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट; राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक.

मराठीत हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिची नायिका यमू आपली हकिकत लहानपणापासून, घडल्या क्रमाने सांगते. साप्ताहिकाच्या वाचकाला अशी निवांत सुरुवात चालत असे. दर अंकात धागा नव्याने उचलावा लागे, ही कसरत वेगळी. पुढे ना. सी. फडके यांनी कथालेखन हे शिकता येण्याजोगे तंत्र आहे अशी भूमिका हिरिरीने मांडली आणि पकड घेणारी सुरुवात, गुंतागुंत, उकल ही भाषा रुळली. १९४५ नंतरच्या नवकथेला हा साचा काचू लागला. गंगाधर गाडगीळ यांच्यासारख्या कथाकारांनी घटनेऐवजी मनःस्थितीला केंद्र केले, तशी सुरुवातीची जागाही सरकली. भालचंद्र नेमाडे यांची कादंबरी ‘कोसला’ (१९६३) त्याही पलीकडे जाते. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले नाव आणि पंचवीस हे वय सांगतो, त्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरतो, आणि काहीही घडलेले नसताना वाचक अडकतो. इथे बीज आहे ते आवाजात.

नवशिक्यांच्या कथांत गजर वाजून जाग येणे, खिडकीबाहेरचा पाऊस, आरशासमोर उभे राहून केलेले स्वतःचे वर्णन, असे आरंभ फार दिसतात. ते निषिद्ध आहेत असे नाही. पण बहुधा लेखक अजून कथेकडे चालत निघालेला असतो आणि ती चाल वाचकालाही घडवतो. उलट दाराशी मुडदा पाडून सुरू झालेल्या कथेचा दम पुष्कळदा चौथ्या पानावर संपतो, कारण मुडद्याशी कोणाचे काय नाते आहे हेच ठरलेले नसते.

दोन भावांच्या वाटणीची कथा घ्या. आजोबांनी जमीन कशी घेतली इथून सुरुवात केली तर भाऊ भांडायला येईपर्यंत वाचक थकतो. मोजणीवाले बांधावर येतात आणि धाकट्याला खुणेचा दगड हातभर सरकलेला दिसतो, त्या सकाळपासून सुरू केली तर आजोबांना वेगळे आणावे लागत नाही. त्यांनी लावलेला आंबा कोणाच्या हिश्श्याला, एवढे विचारले की ते येतातच.