चार प्रकारचं अंतर: बेळगाव सीमाभाग आणि देशोदेशींच्या व्यवसायाची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय व्यवसाय म्हटलं की पुणे-बंगळूर डोळ्यांपुढे येतं. बेळगावकरांच्या लेखी मात्र परदेश एकेकाळी घाट उतरला की लागत असे. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत लोंढ्यापुढे कॅसलरॉकला ब्रिटिशांची, नंतर भारताची हद्द संपायची आणि पोर्तुगीज गोवा सुरू व्हायचा. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात त्याने उठवली आणि मुरगावहून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे आणण्याचा मार्ग मोकळा केला. बदल्यात गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवर ब्रिटिशांचा वचक बसला. हा तह १८९२ साली संपला, पुढे त्याचं नूतनीकरण झालं नाही आणि सीमेवर पुन्हा जकातनाके आले. रेल्वे तीच, घाट तोच, माणसं तीच आणि त्यांची भाषाही तीच राहिली, फक्त कागद बदलला. तेवढ्याने व्यापाराचं गणित पार उलटलं. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा या वाटेवरचा व्यवहार जवळजवळ थांबलाच.

या गोष्टीला पुढे व्यवस्थापनशास्त्रात नाव मिळालं. व्यवस्थापनाचे अभ्यासक पंकज घेमावत यांनी २००१ साली मांडलं की दोन बाजारांमधलं अंतर चार प्रकारचं असतं: सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. बेळगाव आणि चंदगड घ्या. भाषा, सोयरीक, बाजार, पगाराची पातळी यांत फारसा फरक नाही. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात. त्या दोघांमध्ये केवळ प्रशासकीय अंतर उभं राहिलं. कोल्हापुरातून पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) आणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम करायचं तर केंद्रीय विक्रीकर भरावा लागे आणि सवलतीच्या दरासाठी गिऱ्हाइकाकडून ‘सी फॉर्म’ मिळवावा लागे. तो वेळेत आला नाही तर पूर्ण दराने कर भरणं भाग पडे. महामार्गावरच्या तपासणी नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तशी नाकी गेली. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल मात्र काढावंच लागतं.

सीमाभागाचा हा अनुभव लक्षात ठेवून पुढचं वाचलं तर एक गोष्ट जाणवेल. परदेशी गिऱ्हाइकाशी बिनसलं की ‘त्यांची पद्धत वेगळी, संस्कृती वेगळी’ असं म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक भानगडी कागदाच्या, मापाच्या आणि नियमांच्या असतात. संस्कृती खरोखर जिथे आडवी येते त्या जागा थोड्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखायला लागतात.

या विषयातल्या मूळ संकल्पना १९६० ते १९९० या तीन दशकांत तयार झाल्या आणि प्रत्येकीवर तिच्या जन्मगावाचा ठसा आहे. १९६६ साली हार्वर्डच्या रेमंड व्हर्नन यांनी उत्पादनाच्या आयुष्याचा क्रम मांडला: वस्तू आधी श्रीमंत देशात बनते, मग तिथून निर्यात होते, शेवटी स्वस्त मजुरीच्या देशात तिचं उत्पादन सरकतं. १९६९ साली हॉवर्ड पर्लमटर यांनी कंपन्यांच्या मनोवृत्ती सांगितल्या. काही कंपन्या मायदेशाच्या पद्धतीनेच सगळीकडे कारभार करतात, काही प्रत्येक देशातला कारभार तिथल्याच लोकांवर सोपवतात, तर काही जगभरातून योग्य माणूस उचलतात. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी सँडविक, ॲटलास कॉपको, फासिट आणि व्होल्वो या चार स्वीडिश कंपन्या तपासल्या. योहानसन आणि वालने यांनी १९७७ साली त्यातून टप्प्यांचं सूत्र काढलं: अधूनमधून निर्यात, मग एजंट, मग स्वतःची विक्री कंपनी, शेवटी कारखाना. आधी शेजारचे ओळखीचे देश, नंतर दूरचे. आपल्याकडचे अनेक लघुउद्योग या टप्प्यांपैकी पहिल्या दोनांतच राहतात आणि त्यात कमीपणा काही नाही. एजंटाचं कमिशन द्यायचं जिवावर येतं म्हणून विक्री कार्यालय उघडणं हीच खरी महागडी चूक ठरते.

बेळगावात या साऱ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे यमनापूरचा ॲल्युमिना कारखाना. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो उभा राहिला तो इंडियन ॲल्युमिनियम म्हणजे इंडालचा, आणि इंडालची पालक कंपनी होती कॅनडाची अल्कन. तंत्रज्ञान तिकडचं, बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्याच्या पठारांवरचं, कारखाना म्हैसूर राज्यात. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने, ज्याला सगळे ‘फेरा’ म्हणत, परदेशी कंपन्यांना सर्वसाधारणपणे भांडवलातला वाटा ४० टक्क्यांपर्यंत उतरवायला लावलं. गाभ्याच्या उद्योगांना त्यात सूट होती, तरी मालकीचा प्रश्न कायम डोक्यावर टांगलेला राहिला. १९९१ नंतर वारं फिरलं आणि ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली, तो १ जून २००० पासून लागू आहे. त्याच वर्षी अल्कनने इंडालमधला आपला वाटा हिंडाल्कोला विकला. पुढचा भाग व्हर्ननच्या क्रमात कुठेच बसत नाही. अल्कनने आपला पत्रे बनवण्याचा धंदा २००५ साली नोव्हेलिस या नावाने वेगळा काढला आणि २००७ साली तीच नोव्हेलिस हिंडाल्कोने विकत घेतली. म्हणजे यमनापूरच्या जुन्या मालकाच्या घराचा एक भाग नव्या मालकाच्या मालकीचा झाला.

आता संस्कृतीकडे. डच संशोधक हेर्ट हॉफस्टेडे यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाख १६ हजारांवर प्रश्नावल्या वापरल्या आणि १९८० साली देशांना गुण दिले. अधिकारातली दरी कितपत मान्य आहे या मापात भारताला ७७, फ्रान्सला ६८, जर्मनीला ३५ गुण आहेत. अनिश्चिततेची धास्ती या मापात भारत ४०, जर्मनी ६५, फ्रान्स ८६. हे आकडे प्रशिक्षणवर्गात तक्त्यासारखे दाखवले जातात आणि तिथेच गोंधळ होतो. ते एका कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेले आहेत, आणि ती देशाची सरासरी आहे, समोर बसलेल्या माणसाचं माप नव्हे. ज्या जिल्ह्यात एकाच कारखान्यात मराठी, कन्नड, कोंकणी आणि हिंदी बोललं जातं, तिथे ‘भारत ७७’ या आकड्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

तरी एका जागी तो उपयोगी पडतो. वरिष्ठाला वाईट बातमी देण्यात आपल्याकडे दिरंगाई होते. ओतकामात रिजेक्शन वाढलं हे सुपरवायझरला तिसऱ्या दिवशी कळतं, व्यवस्थापकाला दहाव्या दिवशी आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला माल निघायच्या आदल्या दिवशी. उशिरापेक्षा उशिरा कळल्याचा राग तिकडे जास्त असतो. यावर ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगून भागत नाही. दर सोमवारी एकच तक्ता पाठवायचा: साचे किती भरले, ओतले किती, मशिनिंगला किती, नापास किती, कधी निघणार. आकडा वाईट असला तरी रकाना भरावाच लागतो. तो कुणी माणूस तोंडाने सांगत नाही, त्यामुळे वरिष्ठाचा अपमान होण्याचा प्रश्न उरत नाही.

बाकी तक्रारी तपासून पाहा. वस्तूची बाजूची दृश्यं ड्रॉइंगवर कुठे मांडायची याच्या दोन रीती आहेत. अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग ‘थर्ड अँगल’ पद्धतीचं असतं, तर आपल्या आयटीआयमध्ये आणि युरोपात ‘फर्स्ट अँगल’ चालतो. शीर्षचौकटीतलं चिन्ह न पाहता पॅटर्न केला तर भाग आरशातल्यासारखा उलटा निघतो. जर्मन ड्रॉइंगवर ०,०५ म्हणजे शून्य दशांश शून्य पाच, कारण तिकडे दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च, इथे ३ एप्रिल. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. पंचांगही धरून चालावं: ऑगस्टमध्ये फ्रान्स-इटली बंद, आपल्याकडे गणपतीचे दिवस आणि दिवाळी, चीनमध्ये चांद्र नववर्ष. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजूंच्या सुट्ट्या एका कागदावर मांडल्या नाहीत तर ऑगस्ट-सप्टेंबरचा माल हमखास अडकतो.

हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्राची कथा याच्या पुढची पायरी. २००५ च्या कायद्यानंतर हुक्केरी तालुक्यात महामार्गालगत सुमारे २५० एकरांवर विमानांच्या सुट्या भागांसाठी क्षेत्र उभं राहिलं. ते चालवणाऱ्या एकस कंपनीने पृष्ठप्रक्रियेसाठी (भागाच्या पृष्ठभागावर करायच्या प्रक्रियांसाठी) कॅनडाच्या मॅगेलनबरोबर आणि फोर्जिंगसाठी फ्रान्सच्या ओबेर ए दुवालबरोबर भागीदारी केली. त्याचं कारण साधं होतं. भाग इथे मशिन करून प्रक्रियेला युरोपात पाठवायचा आणि परत आणायचा, यात मजुरीतली सगळी बचत भाड्यात आणि आठवड्यांत विरघळते. बार्टलेट आणि कोलकात्याचे सुमंत्र घोषाल यांनी १९८९ साली मांडलेला पेच, म्हणजे जगभर एकच पद्धत ठेवायची की प्रत्येक ठिकाणाप्रमाणे बदलायची, इथे एका बाजूने सुटलेला दिसतो. मानक जगभर एकच, त्यात स्थानिक बदलाला जागा शून्य, आणि पहिल्या नगाची प्रत्येक मिती नोंदवून दिल्याशिवाय दुसरा नग निघत नाही. स्थानिक शहाणपण लागतं ते माणसं टिकवण्यात, बसच्या वेळेत आणि शेतीच्या हंगामात.

अथणीत गणित नेमकं उलटं आहे. तिथली चप्पल हीच स्थानिक वस्तू, आणि जगाचं माप तिच्यावर बसवायचं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये जाहीर झालं ते दोन राज्यांत मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. राज्यांची सीमा इथे मानांकनालाच मान्य नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी अथणीतल्या कारागीर महिलांचे बचत गट बांधून ‘टोहोल्ड’ उभं राहिलं आणि माल परदेशी जाऊ लागला. अडचणी तेव्हा दिसल्या त्याच आजही आहेत.

पहिली मापाची. युरोपात नंबराची पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची, इंग्लंडात एक तृतीयांश इंचाची. ६.६७ आणि ८.४७ मिलिमीटर. तक्ता पाहून नंबर बदलला तर अर्ध्या नंबराचा फरक कुठे तरी पडतोच, म्हणून ऑर्डरवर तळाची लांबी मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावी. हाताने कापलेल्या तळाचा डावा-उजवा जोड जुळवणं ही दुसरी बाब: इथल्या गिऱ्हाइकाला चपला पायात रुळतात हे ठाऊक असतं, तिकडच्या दुकानात पहिल्याच दिवशी बसली पाहिजे.

तिसरी रसायनांची. युरोपीय संघात १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यात क्रोम नसतंच, त्यामुळे अथणीचा तळ सहज पास होतो. नापास होतो तो बाहेरून आणलेला पट्टा किंवा अस्तर, कारण ते क्रोमने कमावलेलं असतं आणि उष्णतेत, साठवणीत त्याचं रूप बदलतं. सुट्या प्रत्येक चामड्याचा अहवाल वेगळा घ्यायचा तो याचसाठी. अझो रंगांतून सुटणारी, बंदी असलेली अमाइन संयुगं किलोला ३० मिलिग्रॅमच्या वर गेली की माल परत. चौथी बुरशीची. पावसाळ्यात बांधलेला माल कंटेनरमध्ये घाम धरतो. पूर्वी बुरशी टाळायला घातल्या जाणाऱ्या डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्यांवर युरोपने २००९ पासून बंदी घातली आहे, तेव्हा सिलिका जेल आणि आधी नीट वाळवणं याला पर्याय नाही. रंगाचं म्हणाल तर वनस्पतिजन्य कातडं लॉटागणिक फिकं-गडद होणारच. फिका, मधला आणि गडद असे तीन नमुने दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सीलबंद ठेवले की वाद मिटतो.

कागदांचं थोडक्यात. जोखीम विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाकडे कुठे जाते हे करारातल्या एका संक्षेपाने ठरतं. कंटेनरच्या मालाला सवयीने ‘एफओबी’ (माल जहाजावर चढवून देणं) लिहिलं जातं. माल यार्डात सोपवल्यापासून जहाजावर चढेपर्यंतची जोखीम त्यात विक्रेत्याच्याच गळ्यात राहते. अशा ठिकाणी ‘एफसीए’ (माल वाहतूकदाराकडे सोपवणं) योग्य, आणि २०२० च्या सुधारणेनंतर त्यातही जहाजावर चढल्याची नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मागता येतं. पतपत्रावर (गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, लेटर ऑफ क्रेडिट) बँक फक्त कागद पाहते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. आयईसीवर (आयात-निर्यात परवाना क्रमांक) एक स्पेलिंग, जीएसटीवर दुसरं आणि पतपत्रावर तिसरं असेल तर कागद अडकायला ते निमित्त होऊ शकतं. भारत संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय मालविक्री करारात सहभागी नाही, म्हणून कोणत्या देशाचा कायदा आणि कुठे लवाद हे करारातच लिहून घ्यावं लागतं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख न करता. गदारोळ झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला: सुमारे ८०० युरोंच्या चपलांचे दोन हजार जोड. मधल्या काळात नैतिकतेवर पुष्कळ बोललं गेलं. कायद्याचा मुद्दा मात्र कोरडा होता. भारतातलं भौगोलिक मानांकन आपोआप युरोपात चालत नाही, तिथे वेगळी नोंद करावी लागते. हस्तोद्योगांच्या वस्तूंना युरोपीय पातळीवर अशी नोंद करण्याचा मार्ग १ डिसेंबर २०२५ पासून खुला झाला आहे. अर्ज उत्पादकांच्या गटाने करायचा असतो. दोन राज्यांची दोन महामंडळं आणि आठ जिल्हे असताना तो कुणाच्या नावाने जाणार, हा प्रश्न आता मिलानमध्ये नव्हे, मुंबई आणि बंगळुरात सुटायचा आहे.