बिअर्डेड ड्रॅगनचं पोट बिघडलं? आधी दिवा तपासा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वडोदरा

"चार दिवस शी झाली नाही" असं कुणी सांगितलं की आमचा पहिला प्रश्न खाण्याबद्दल नसतो, उबेच्या दिव्याबद्दल असतो. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे बिअर्डी, हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला सरडा. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचं आतडं नीट चालतं. पोट भरलेलं आणि अंग गार असलं, तर अन्न पचण्याऐवजी आतच कुजतं.

शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सियस हवा, पेटीचं दुसरं टोक २५ ते २८. काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक इथे कामाचा नाही. प्राणी जिथे पोट टेकवतो, नेमक्या त्या दगडावर इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) धरून मोजा. वडोदऱ्यात गडबड दोनदा होते. उत्तरायणाच्या दिवसांत रात्री पेटी गार पडते, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. मे महिन्यात मात्र बाहेर ४२ असतं म्हणून दिवा बंद करतात आणि त्याच खोलीत एसी २२ वर चालतो. मग दगडही जेमतेम २५-२६ राहतो आणि पोट बसतं.

यूव्हीबी ट्यूबचाही (अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचाही) पोटाशी संबंध आहे. त्या किरणांमुळे शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागतं, आणि कॅल्शियम कमी पडलं तर आतड्याचे स्नायू ढिले पडतात. जुनी ट्यूब उजेड देत राहते, किरण मात्र कमी झालेले असतात. टी५ (बारीक नळीची) ट्यूब साधारण वर्षाने बदला. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हिशेबात धरू नका. काच हे किरण अडवते.

तुंबलंय हे कसं ओळखायचं

पिल्लं बहुधा रोज शी करतात, मोठे काही दिवसांआड. त्यामुळे नुसते दिवस मोजून घाबरू नका. कुंथणं, फुगलेलं पोट, खाणं सोडणं, मागचे पाय ओढत चालणं ही खरी लक्षणं. कारणं बहुतेक तीनच: कमी ऊब, कमी पाणी, किंवा गिळलेली वाळू. "कॅल्शियमची वाळू पचते" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी पिल्लांना ती नकोच. वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर अंथरा. कीटक प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

लक्षणं सौम्य असतील तर आधी तापमान दुरुस्त करा आणि पोट हलेपर्यंत कीटक बंद ठेवा. मग ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. पाणी त्याच्या कोपरापर्यंतच असावं, आणि तिथून हलू नका. पोटावरून शेपटीच्या दिशेने बोटाने अगदी हलका हात फिरवा. बाहेर काढल्यावर कोरडं करून लगेच दिव्याखाली ठेवा, नाहीतर अंघोळीने मिळालेली ऊब वाया जाते. शीमधला पांढरा भाग पिवळट, खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय. भाजी ओली करूनच द्या.

एरंडेल, इसबगोल, ताक यांतलं काहीही देऊ नका. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं, पाण्यावाचून इसबगोल आतच फुगून बसतो, आणि दूध-दही पचवायला हा प्राणी घडलेलाच नाही. बेंबीला हिंगाचा लेप बाळांपुरताच राहू द्या.

पातळ, दुर्गंधीयुक्त शी

एखाद दिवस काकडी-टरबूज जास्त झालं की असं होतं. दोन-तीन दिवस टिकलं, वास फारच उग्र असला किंवा खाऊनही वजन उतरू लागलं, तर कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) किंवा पिनवर्म (बारीक जंत) यांचा संशय घ्या. इथे अंदाजाने जंताचं औषध देणं धोक्याचं आहे. कॉक्सिडिया हा कृमी नाही, त्याचं औषध वेगळं असतं. दाण्याएवढी ताजी शी हवाबंद डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्याकडे सूक्ष्मदर्शक तपासणीला न्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. उपचार चालू असताना कागद रोज बदला आणि शी दिसताक्षणी उचला. उरलेले क्रिकेट (खायला दिलेले रातकिडे) पेटीत मोकळे सोडू नका: ते शी खातात, बिअर्डी त्यांना खातो, आणि संसर्ग परत पोटात जातो. साध्या ब्लीचने कॉक्सिडियाची अंडी मरत नाहीत; भांडी आणि दगड उकळत्या पाण्यातून काढा.

रोजचं ताट

मोठ्या प्राण्याला सुमारे ८० टक्के भाजी आणि २० टक्के कीटक, पिल्लाला उलट. शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीचं फूल, गायींसाठी विकतात तो रजको (ल्यूसर्नचा चारा) थोडासा, हे सगळं चालतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. फवारणीची शंका असेल तर भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा. कांदा, लसूण, अॅव्होकाडो वर्ज्य. पावसाळ्यात दिव्याभोवतीचे किडे पकडून घालू नका, आणि काजवा तर कधीच नाही: एक काजवासुद्धा बिअर्डीचा जीव घेऊ शकतो.

थांबू नका

शीमध्ये रक्त, गळून गेलेले मागचे पाय, काळी पडलेली दाढी (गळ्याखालची कातडी) आणि सोबत सुस्ती, किंवा पिल्लाला तीन दिवस शी नाही आणि खाणंही बंद, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा. आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. साखरेच्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ कापडाचा तुकडा त्यावर ठेवून ओलं राखा आणि निघा. जाताना शेवटच्या शीचा फोटो, आठवड्याच्या वजनाची नोंद आणि दगडाचं मोजलेलं तापमान सोबत असू द्या. डॉक्टर तेच आधी विचारतील.