छोले मटणाच्या रश्शात का शिजत नाहीत?

मटण कमी करायचं ठरलं की पहिला प्रयोग बहुतेक घरांत हाच होतो: नेहमीचं कांदा-खोबऱ्याचं वाटण, टोमॅटो, कोकम आणि मटणाच्या जागी भिजवलेले छोले. सगळं एकदम कुकरमध्ये आणि पाच शिट्ट्या. रस्सा झकास उतरतो, छोले मात्र दाताखाली कचकचतात.

दोष शिट्ट्यांचा नाही, आंबटाचा आहे. छोल्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होतो तो हे पेक्टिन विरघळल्यावर, आणि आंबट पाण्यात ते विरघळायला फार वेळ घेतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम तर ते आणखी घट्ट बांधून ठेवतं. मिठाने डाळी-कडधान्यं शिजत नाहीत हा समज मात्र भिजवण्याच्या बाबतीत उलटा आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते.

म्हणून पाव किलो छोल्यांना १ लिटर पाणी आणि १५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे तीन चमचे सपाट भरून मीठ घालून ८ ते १० तास भिजवावं. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं, नाहीतर पाण्याला फेस येऊन वास मारतो. ते पाणी ओतून टाका. पोटात वायू करणाऱ्या साखरांपैकी काही त्याच्याबरोबर जातात. छोले धुऊन, वर बोटभर येईल इतकं ताजं पाणी घाला. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर २० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा चिमटीत दाबल्यावर लोण्यासारखा पसरला पाहिजे. आत पांढरी कणी लागली तर आणखी ५-१० मिनिटं ठेवा.

सोडा? पाणी जड असेल तरच, तोही पाव चमचा. जास्त झाला की साबणासारखी चव येते, सालं सुटतात आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. उष्ण-दमट हवेत वर्षभर पडलेले छोले मात्र सोड्यालाही फारशी दाद देत नाहीत.

आता रस्सा. मटण रश्शाला चरबी आणि जिलेटिन देतं, त्यातून त्याला अंग येतं. छोल्यांकडे यातलं काही नाही. म्हणून अर्धी वाटी शिजलेले छोले वाटणातच वाटा, तेलात हात आखडू नका आणि छोले शिजवलेलं पाणी रश्शाला वापरा. ते फेकणं म्हणजे स्टॉक फेकणं. कांदा-खोबरं गडद तपकिरी होईपर्यंत भाजायला हवं, कारण मांस भाजताना येणारा खमंगपणा इथे त्यातूनच मिळवायचा असतो. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परता. छोले घालून १५ मिनिटं उकळा, कोकम शेवटच्या ५ मिनिटांत.

१०० ग्रॅम शिजलेल्या छोल्यांत साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्या मटणात २५च्या आसपास. तेव्हा वाटी मोठी घ्या. सोबत ज्वारीची भाकरी असू द्या. ज्वारीत कमी असलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, छोल्यांत भरपूर असतं. वर लिंबू पिळलं की छोल्यातलं लोह जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. बी-१२ मात्र छोल्यांत अजिबात नाही. मटण पूर्णच सोडलं तर दूध-अंडी किंवा गोळी, काहीतरी लागेल.

खिम्याच्या कबाबाऐवजी छोल्यांचे वडे करायचे असतील तर छोले शिजवूच नका. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च आधीच फुगलेला असतो, तो तळताना काही बांधत नाही आणि वडा तेलात विरघळतो. भिजवलेले कच्चे छोले फडक्यावर कोरडे करून, पाणी न घालता जाड रव्याइतके वाटा. कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ घाला. मूठ दाबल्यावर गोळा टिकला की पुरे. सुटत असेल तर एक मोठा चमचा बेसन. मध्यम आचेवर तळा: तेल धुरावलेलं असेल तर वडा बाहेरून काळा आणि आत कच्चा, थंड असेल तर कडेने सुटायला लागतो.