कोल्हापुरी चप्पल: नाव कोल्हापूरचं, कारागीर दोन राज्यांचे

जून 2025 मधे मिलानच्या फॅशन शोमधे प्राडा ह्या इटलीच्या महागड्या फॅशन ब्रँडच्या मॉडेल्सच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या आणि माझ्या फोनवरचे सगळे ग्रुप पेटले. राग बरोबरच होता, सुरुवातीला प्राडाने नुसतं लेदर सँडल म्हटलं होतं, कोल्हापूरचं नावसुद्धा नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट मुंबईतल्या बऱ्याच जणांना माहीतच नव्हती, की ह्या चपलेवर एकट्या महाराष्ट्राचा हक्क नाहीये, कर्नाटकचाही तेवढाच आहे.

जीआय टॅगचा, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं ह्यासाठीच्या भौगोलिक मानांकनाचा अर्ज 2009 चा, नोंदणी डिसेंबर 2018 ची, आणि त्यात आठ जिल्हे आहेत. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावावर, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ म्हणजे लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. सीमाप्रश्नावर जी राज्यं 2004 पासून सुप्रीम कोर्टात एकमेकांसमोर उभी आहेत त्यांचं नाव एका चपलेसाठी एकाच नोंदणीत येतं, मला हे फार मोठं वाटतं.

कारण ही सीमाच मुळात नंतरची. बेळगाव, विजापूर, धारवाड आधी मुंबई राज्यातच होते, कोल्हापूर संस्थानही 1949 मधे त्यातच विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि अथणी-निपाणीचे कारागीर एका दिवसात परराज्यातले झाले, पण हात तेच, काम तेच आणि मालाला बाजार कोल्हापूरचाच. आजही कोल्हापुरात विकला जाणारा बराच माल त्या बाजूला बनतो. तिथले समगार, म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्या समाजाचे कारागीर बाराव्या शतकात बसवण्णांच्या (महात्मा बसवेश्वरांच्या) सोबत असलेल्या हरळय्यांचं नाव घेतात, आपल्याकडचा चर्मकार समाज संत रोहिदासांचं. कोल्हापुरात ह्या धंद्याला बळ दिलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. कापशी हा जो प्रकार आपण दुकानात मागतो ना, ते कागल तालुक्यातल्या गावाचं नाव आहे.

मुंबईतल्या एका प्रदर्शनात अथणीच्या एका मावशींच्या स्टॉलवर मी अर्धा तास बसून होते. मावशी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, फोन आला की कानडीत, आणि हात थांबतच नव्हते. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी विणत होत्या, इतकी बारीक की मला मोजता येईना. बाजूला त्यांचे यजमान रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने तळ कापत होते, मग आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचं, खिळा नाही. कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. नवीन जोड चावतो म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "एरंडेल लाव आणि पावसात घालू नकोस गं." मुंबईत जून ते सप्टेंबर माझा जोड पेपरात गुंडाळून माळ्यावर असतो तो त्यामुळेच.

आणि हे काम करणारे कमी होतायत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. रेक्झिनचा माल कोल्हापुरी म्हणून निम्म्या भावात मिळतो, चांगलं कातडं मिळणं अवघड झालंय, शिवाय चामड्याच्या कामाला जातीमुळे जो कमीपणा चिकटवला गेला त्यामुळे शिकलेली मुलं ह्यात यायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष कसा देणार.

प्राडाने टीकेनंतर त्या चपलांचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. मुंबई हायकोर्टात प्राडाविरुद्ध जनहित याचिका झाली, ती जुलैमधे फेटाळली गेली. मग डिसेंबर 2025 मधे मुंबईतच, इटलीच्या वकिलातीत, प्राडा, लिडकॉम आणि लिडकर असा तिघांचा करार झाला. भांडायला आपण एकटे धावलो होतो, करार मात्र दोन्ही राज्यांच्या कारागिरांसाठी झाला आणि ते अगदी योग्य झालं. ठरल्याप्रमाणे 2000 जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनणार, किंमत साधारण 800 युरो, शिवाय कारागिरांना ट्रेनिंग. पुढच्या प्रदर्शनात त्या मावशी भेटल्या की मी पहिलं हेच विचारणार आहे, की एका वेणीमागे तुमच्या हातात किती पडले.