पॅनेलच्या पाठीवरचं लेबल आणि पोटातला रोध

एप्रिलच्या भर दुपारी जतच्या माळावर ३३५ वॅटच्या सौर पॅनेलला मल्टिमीटर लावला, तर ३९ व्होल्टच्या आसपास दिसतात. लेबलवर मात्र ४५.८ छापलेलं. पॅनेलमध्ये बिघाड नसतो. लेबलचे आकडे चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ अंशांवर धरून काढलेले असतात. हवा ४० अंश असली की सेल ७१ अंशांपर्यंत तापतात. अंशामागे व्होल्टेज साधारण ०.३ टक्का उतरतं. ४६ अंशांत १४ टक्के गेले.

खरा बिघाड ओळखायचा तर पॅनेलचं विद्युत मॉडेल हवं. उन्हावर चालणारा करंटचा स्रोत, त्याला समांतर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) आणि एक मोठा रोध (करंटला होणारा अडथळा), शिवाय बाहेरच्या वाटेवर छोटा एकसर रोध (सीरिज रेझिस्टन्स). यात अज्ञात संख्या पाच : प्रकाशप्रवाह (उन्हाने तयार होणारा करंट), डायोडचा संपृक्त प्रवाह (उलट दिशेने झिरपणारा अल्प करंट), त्याचा आदर्शता गुणांक (तो आदर्श डायोडपेक्षा किती वेगळा वागतो) आणि दोन रोध. लेबलवरून समीकरणं मिळतात चारच : खुलं टोक (काहीच न जोडता मिळणारं व्होल्टेज), शॉर्ट सर्किट (दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा करंट), कमाल वॅटचा बिंदू आणि त्या बिंदूवर वॅटच्या आलेखाचा उतार शून्य. पाचवी संख्या गृहीत धरावी लागते आणि घोळ तिथेच होतो.

करून बघा. याच पॅनेलचे सेल ७२, शॉर्ट सर्किट करंट ९.३ अँपियर, कमाल बिंदू ३८.१ व्होल्ट आणि ८.८ अँपियर. समांतर रोध तूर्त सोडून द्या. ८.८ भागिले ९.३ म्हणजे ०.९४६, एकातून वजा केल्यावर ०.०५४, त्याचा नैसर्गिक लॉग उणे २.९२. त्याला १.८५ ने (७२ सेलचं औष्णिक, म्हणजे तापमानावर ठरणारं व्होल्टेज) आणि गुणांकाने गुणा, ४५.८ आणि ३८.१ मधला ७.७ चा फरक मिळवा, ८.८ ने भागा. गुणांक १.१ धरला तर एकसर रोध ०.२ ओहम. १.३ धरला तर ०.०८. पुस्तकातला १.५ डोळे झाकून घेतला तर रोध चक्क ऋण! म्हणून गुणांक न सांगता कोणी नुसता रोध सांगितला, तर तो आकडा बिनकामाचा.

व्होल्टेज-करंटचा प्रत्यक्ष आलेख काढायला ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. पॅनेल तो सुमारे २३ मिलिसेकंदांत भरतं, तेवढ्यात व्होल्टेज आणि करंटच्या शे-दोनशे नोंदी घ्यायच्या. दर वेळी आधी तो रोधातून रिकामा करा. तापमान पाठीला चिकटवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) घ्या. भर उन्हात सेल त्याहून दोन-तीन अंश गरम असतो. पॅनेलवरचा पंप चालू असताना कनेक्टर ओढू नका, डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

या आलेखाचा खुल्या टोकाजवळचा उतार ०.४२ ओहम येईल. तोच एकसर रोध समजण्याची चूक नेहमीची, त्यातले ०.२२ डायोडचे आहेत.

गुणांक कायम ठेवून वर्षागणिक रोध काढत जा. ०.२ चा ०.५ झाला, तर ८.८ अँपियरला आणखी २३ वॅट पॅनेलमध्येच उष्णता होऊन जातात. आधी कनेक्टर आणि जंक्शन बॉक्समधले सांधे तपासा.

आलेखात पायरी दिसली तर पाच संख्या बसवत बसू नका. तासगावकडे द्राक्षबागेच्या कडेला पक्ष्याच्या विष्ठेने एखादा सेल झाकला, तरी बायपास डायोड (झाकलेल्या सेलच्या गटाला वळसा देणारा) चालू होऊन पायरी येते. ती फडक्याने जाते. पण पॅनेल पुसूनही दुपारी ३९ ऐवजी २६ व्होल्ट मिळाले, तर तीनपैकी एक बायपास डायोड शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी.